आक्कांनी घर सोडवलं

निपाणीतल्या आमच्या गल्लीत आक्कांना येणारा-जाणारा वाकून नमस्कार करी, पण त्यांच्या घरी बसायला कुणी येत नसे. सकाळी त्या बस्तीला, म्हणजे जैन मंदिरात, निघाल्या की दुकानातली माणसं पायरीवरून उठून उभी राहत, बायका डोक्यावरचा पदर सारखा करत. एखादी म्हातारी म्हणे, "आक्का, तुमचं भाग्य लई थोर." आक्का मान हलवत आणि पुढं जात. देवदर्शन करून परत आल्या की दाराला आतून कडी लागे. मग दिवसभर त्या घरातून जात्याच्या घरघरीशिवाय दुसरा आवाज येत नसे.

आक्कांच्या यजमानांनी मुनिदीक्षा घेतली होती. ते आता कुणाचे नवरे किंवा शेजारी राहिले नव्हते, स्वामी झाले होते. म्हणून या 'स्वामींच्या आक्का'. विधवा म्हणावं तर यजमान कुठल्या तरी गावी चातुर्मासाला बसलेले असत. सवाशीण म्हणावं तर त्यांचं घरदार सुटलेलं. अशा बाईला मंगळागौरीला बोलवायचं की सुतकाला, हे कुणालाच ठरवता येत नसे. ते ठरवत बसण्यापेक्षा लांबून नमस्कार करणं सोपं होतं.

मी त्यांच्याकडे आले ती भाडेकरू म्हणून. स्वराज्य यायच्या दहा-बारा वर्षं आधीची गोष्ट. माझं घर बेळगावला अनगोळात. वडील गेले होते, घरी आई एकटी, आणि मला निपाणीच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागलेली. लग्न न झालेल्या मास्तरणीला खोली द्यायला लोक कां-कू करत. आमच्या हेडबाईंनी मला आक्कांकडे पाठवलं. आक्कांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "दिवस मावळायच्या आत जेवशीला? कांदा-लसूण घरात आणायचं न्हाय. पाणी गाळल्याबिगर प्यायचं न्हाय." मी सगळ्याला हो म्हटलं. "मग या. मी खोली झाडून देतो." आमच्या मुलखातल्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, त्यामुळं मला ते घरच्यासारखं वाटलं.

पुढची खोली मला मिळाली. मधल्या खोलीत एका व्यापाऱ्याची मिठाची पोती होती, तिचंही भाडं येई. आक्का स्वतः स्वयंपाकघरात चुलीशेजारी झोपत. संध्याकाळचं जेवण उजेडात झालं की त्या अंधारात बसून राहत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "दिव्यावर किडं येऊन मरत्यात." तेल वाचतं, हे त्या म्हणाल्या नाहीत. ते मला नंतर कळलं.

पहिले काही महिने आम्ही दोघी एकाच घरात मुक्यानं राहिलो. मग एकदा उन्हाळ्यात त्या लग्नघरच्या शेवया करायला बसल्या. पाटावर शेवया ओढून त्या हात लांब करत होत्या आणि मी त्या काठीवर टाकत होते. हात गुंतलेले असले की माणूस बोलतो. त्यांच्या यजमानांचा भागीदारीत गुळाचा व्यापार होता. तो बुडाला तेव्हा देणी भागवायला घर सावकाराकडे गहाण पडलं. मुदतीत पैसे फिटले तर घर परत, नाहीतर सावकाराचं. त्यानंतर दोनेक वर्षांत यजमानांचं मन संसारातून उठलं.

"त्यांनी मला इचारलं. मी व्हय म्हटलं," आक्का म्हणाल्या. "न्हाय म्हणून धरून ठिवायचं असलं माणूस नव्हं ते. दीक्षेला लई गर्दी हुती. लोक जयजयकार करत हुते. मी बी केला."

"आणि घराचं?"

"घराचा मोह सोड म्हणाले. मोह न्हाय, मला राह्यला जागा पाहिजे, असं मी म्हटलं." त्या एवढ्या साधेपणानं बोलल्या की मी हसले, आणि मग त्याही हसल्या. नंतर शेवईचा धागा नीट करत हळूच म्हणाल्या, "त्यांनी घर सोडलं. मला ते सोडवायचं हाय."

बस्तीतल्या मोठ्या मंडळींनी एकदा वर्गणी काढायची तयारी दाखवली होती. स्वामींचं पूर्वाश्रमीचं घर म्हटल्यावर लोकांनी हात आखडता घेतला नसता. आक्कांनी नको म्हणून सांगितलं. मला याचं नवल वाटे, कारण त्या एकेक पैशासाठी लोकांच्या दळणाचं जातं ओढताना मला दिसत होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्यांनी सगळं टाकलं आणि मी त्याचंच मोल घेऊ व्हय?"

एक दिवस शाळेतून आले तर आईचं पत्र आलेलं. माझ्या शिक्षणासाठी आणि वडिलांच्या आजारपणासाठी आमचं अनगोळातलं घरही गहाण पडलं होतं. ज्याच्याकडे ते होतं तो माणूस घरी येऊन परस मोजून गेला होता. आईनं लिहिलं होतं, मला काही बोलला नाही, नुसता मोजून गेला. मी पत्र हातात धरून दारातच रडायला लागले. आक्का पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. त्यांना वाटलं आईचं काही झालं. मी घराचं सांगितलं तेव्हा त्या माझ्याशेजारी उंबऱ्यावर बसल्या.

शेजारची गंगू तेवढ्यात वखारीतून येत होती. ती तंबाखू निवडायला जायची. ती गल्लीच्या टोकाला आली की तिच्या लुगड्याच्या वासानंच कळे, आणि जवळ आली की मला शिंका येत. तिच्या नवऱ्याचा पाय पोत्याखाली सापडून मोडला होता, त्याला मिरजेच्या दवाखान्यात नेताना तिनं आपली एकच खोली गहाण टाकली होती. माझं रडणं ऐकून ती म्हणाली, "येवढंच व्हय? मग मी तर रोजच रडाय पाहिजे."

आक्का म्हणाल्या, "गंगू, बस हितं. आपण तिघी मिळून सोडवू."

"तिघी मिळून काय? पैसा ज्येचा त्येनं फेडायचा."

"पैसा ज्येचा त्येनंच. एकमेकीला उसना बी द्यायचा न्हाय. पर एकमेकीला इचारायचं तरी."

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी, दिवस मावळायच्या आधी, आम्ही तिघी आक्कांच्या कट्ट्यावर बसू लागलो. त्या आठवड्यात कुणी किती बाजूला टाकलं ते प्रत्येकीनं सांगायचं. एवढंच. पण ते सांगायचं आहे म्हणून आठवडाभर हात आवरे. मी चहा सोडला. दर महिन्याला सर्व्हिस मोटारीनं आईकडे जाई, ते दिवाळी आणि उन्हाळ्यावर आणलं. आईनं त्यावर कधी तक्रार केली नाही, पण तिच्या पत्रात मग गल्लीतल्या कुत्र्या-मांजरांच्या हकिकती येऊ लागल्या. एकट्या माणसाला दुसरं काय लिहायला सुचणार.

आक्का कुणाला रागावत नसत. एका बाजाराला गंगूनं हातभर हिरव्या बांगड्या भरल्या आणि कट्ट्यावर पदराखाली हात लपवून बसली. आक्कांनी तिचा हात बाहेर ओढला, बांगड्या फिरवून पाहिल्या आणि म्हणाल्या, "चांगल्या दिसत्यात. आता फुडच्या बाजाराला बगू." गंगूनं त्यानंतर दोन महिने सुपारीसुद्धा खाल्ली नाही.

एकदा मात्र आक्कांचीच पाळी आली. थंडी-तापानं त्या आठवडाभर पडून होत्या. बाजाराच्या दिवशी त्या भिंतीला धरून कट्ट्यावर आल्या आणि मान खाली घालून बसल्या. "माझं ह्या आठवड्यात काय न्हाय," म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला त्यांच्याकडे बघवेना. गंगू म्हणाली, "मग मागल्या आठवड्याचं सांगा की परत. आमी इसरलोय." आक्कांनी मागच्या आठवड्याचं सांगितलं. "त्येच्या मागलं?" गंगूनं विचारलं. आक्का सांगत गेल्या. दिवस मावळेपर्यंत आम्ही जुनेच आठवडे ऐकत बसलो, आणि त्या उठून आत गेल्या तेव्हा भिंतीला न धरता गेल्या.

गंगूची खोली आधी सुटली. तिनं गूळ वाटला. आता ती येणार नाही असं मला वाटलं होतं, पण पुढच्या बाजाराला ती आपली हजर. "माजं झालं म्हणून मी उठून जाऊ व्हय?" म्हणाली.

पुढच्या फाल्गुनात बस्तीत बातमी आली की स्वामींचा मुनिसंघ येत्या चातुर्मासाला निपाणीत राहणार. गावात तयारी सुरू झाली. आक्कांच्या घराची मुदत संपायला अजून तीनेक वर्षं होती आणि त्यांची ठरलेली चाल त्या मुदतीला पुरणारी होती. पण त्या बाजाराला त्यांनी आम्हाला सांगितलं, "आषाढाच्या आत सोडवायचं."

गंगू म्हणाली, "का ओ? येवढी घाई कशाला?"

"स्वामी गल्लीत येतील. मी दारात उभी राहून त्यांना आहाराला बोलावणार. तवा घर दुसऱ्याचं नको."

"त्यांना काय कळतंय घर कुणाचं ते?"

"मला कळतंय की."

ते तीन-चार महिने आक्कांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मुनींच्या आहाराला गिरणीचं पीठ चालत नाही, घरच्या जात्यावर सोवळ्यानं दळलेलं लागतं. चातुर्मास जवळ आला तशी चांगल्या घरांतून मागणी वाढली, आणि आक्का पहाटेपासून दळत. गंगूला जात्याला हात लावता येत नसे, तिच्या हाताला तंबाखू. मग ती वखारीला जायच्या आधी पहाटे येऊन उंबऱ्याच्या बाहेर बसे आणि गावभरच्या गोष्टी सांगत राही, आक्कांचे डोळे मिटू नयेत म्हणून. मी शाळेला जाण्याआधी पाणी भरून ठेवी. पैशानं एकमेकींना मदत करायची नाही ही आक्कांची अट आम्ही पाळली. बाकीचं त्यांना न विचारता केलं.

ज्येष्ठ संपता संपता रक्कम पुरी झाली. आक्का आम्हाला दोघींना घेऊन सावकाराकडे गेल्या. सावकार उठून उभा राहिला, नमस्कार केला, बसायला चटई टाकली. पैसे पाहिल्यावर मात्र त्याचा चेहरा बदलला. घर मोक्याचं होतं, त्याच्या मागं वखार काढायचं त्याच्या मनात असल्याचं गल्लीला ठाऊक होतं. तो गोड बोलून म्हणाला, "आक्का, मुदत अजून लांब हाय. स्वामींच्या घरचे पैसे मी असे घाईनं घेतले तर लोक मला नावं ठेवतील. राहू द्या. सावकाश बघू."

"मुदत तुमची, पैसा माझा," आक्का म्हणाल्या. "आज घ्या."

"आज दिवस बरा नाही."

"मग उद्या बस्तीत पूजा झाल्यावर सगळ्यांच्या समोर मोजतो. तितं घ्या."

गंगू पायरीवर फतकल मारून बसली होती. ती म्हणाली, "आमी थांबतो, सावकार. दिवस बरा हुईस्तोर." तिच्या लुगड्याच्या वासानं दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक शिंकायला लागलं, मग त्याच्यामागून सावकाराचा मुनीम. सावकारानं मुनिमाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि पैसे मोजायला घेतले. त्याच आठवड्यात कचेरीत जाऊन सही-शिक्का झाला. घरी आल्यावर आक्कांनी कागद देवाजवळ ठेवला. मग मिठाच्या व्यापाऱ्याला निरोप पाठवला की पोती हलवा. मधली खोली त्यांनी स्वतः शेणानं सारवली आणि ओल्या जमिनीकडे बघत दारात उभ्या राहिल्या. मी पाठीमागं होते. त्यांना ते माहीत असावं, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

संघ आला. पहिल्याच दिवशी आहाराच्या वेळी स्वामी आमच्या गल्लीत वळले. घराघरासमोर लोक हातात कलश आणि नारळ घेऊन उभे होते. आक्कांनी धुतलेलं पांढरं लुगडं नेसलं होतं, घरात स्वयंपाक तयार होता. मुनी मनात काहीतरी नेम धरून निघतात. अमुक खूण दिसली तर थांबायचं, नाहीतर पुढं जायचं. तो नेम काय, ते कुणाला सांगत नाहीत. स्वामी हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू घेऊन सावकाश येत होते. पायाखाली जीवजंतू येऊ नये म्हणून नजर जमिनीवर. आक्कांनी इतरांसारखीच हाक दिली, "नमोस्तु स्वामी, नमोस्तु. अत्र तिष्ठ, तिष्ठ." आवाज स्वच्छ होता, कुठं कापला नाही. स्वामी दारासमोर आले आणि तसेच पुढं गेले. चार घरं सोडून एक जोडपं कलश धरून उभं होतं, तिथं थांबले. संध्याकाळी बस्तीत लोक म्हणाले, नेम जोडप्याचा असावा.

संध्याकाळी कट्ट्यावर गंगूला राग आवरत नव्हता. "एक डाव नजर तरी वर करायची हुती."

"त्यांनी करायची न्हाय," आक्का म्हणाल्या. "तीच तर त्यांची कमाई." मग आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "चालताना डावा पाय अजून ओढत्यात."

चार महिने त्या रोज वेळेला दारात उभ्या राहत. स्वामी कधी थांबले नाहीत. संघातले एक म्हातारे मुनी मात्र एकदा थांबले. आक्कांनी विधीप्रमाणं सगळं केलं, त्यांच्या ओंजळीत घास घातले, पाणी दिलं. ते गेल्यावर त्या चुलीपाशी बसून उरलेलं जेवल्या. मी विचारलं, "समाधान झालं का, आक्का?" त्या म्हणाल्या, "घरात अन्न घेतलं कुणीतरी." तेवढंच. कार्तिकात संघ विहार करून गेला. सगळा गाव वेशीपर्यंत पोचवायला गेला, आक्काही गेल्या, आणि सगळ्यांच्या मागून परत आल्या.

आता कट्ट्यावर फक्त माझ्या घराचा प्रश्न उरला होता. दोघीजणी दर बाजाराला माझ्यासाठी बसत. आक्का विचारत, "आईचं परस मोजायला परत आलता का कोण?" त्यांच्या विचारण्यानं मीही मुदतीच्या खूप आधी मोकळी झाले. अनगोळचा कागद हातात आला त्या दिवशी आक्कांनी मला गव्हाची खीर करून घातली. पुढच्या वर्षी माझी बेळगावला बदली झाली. ती मीच मागून घेतली होती, आई थकली होती. आक्का मोटारीपर्यंत पोचवायला आल्या. बस्ती आणि गल्ली सोडून त्या इतक्या लांब सहसा येत नसत. मोटार सुटताना म्हणाल्या, "आता सोडवायचं काय राह्यलं न्हाय. आता कशाला येशील गं?"

मी येईन म्हटलं, आणि गेलेही. पण आईचं आजारपण, शाळा, यात दोन वर्षं निघून गेली होती. गंगू नवऱ्याला घेऊन मुलाकडे गल्लीच्या पलीकडे राहायला गेली होती. आक्कांनी पुन्हा भाडेकरू ठेवला नव्हता. सगळ्या खोल्या झाडून-सारवून लख्ख, आणि एकाही खोलीत काही नाही. आम्ही उजेडात जेवलो आणि कट्ट्यावर येऊन बसलो. मला काय बोलावं ते सुचेना. त्यांनाही सुचत नव्हतं. इतकी वर्षं आम्ही एकाच गोष्टीबद्दल बोललो होतो. शेवटी आक्काच हसल्या. "कर्ज हुतं तवा बरं बोलत हुतो की गं आपण," म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला. जात्यानं पडलेले घट्टे तसेच होते.

स्वामींनी पुढं दूर कुठंतरी अन्नपाणी सोडून समाधी घेतली. त्यानंतर आक्कांनी अन्न कमी कमी केलं. स्वराज्य आलं त्या वर्षी पावसाळा संपताना त्या गेल्या. मला ते उशिरा कळलं. मी निपाणीला गेले तेव्हा घराला यजमानांच्या चुलतभावाचं कुलूप होतं. मी गंगूकडे गेले. शेवटचे दिवस तीच त्यांच्याजवळ बसून होती. वखारीतलं काम तिनं तेवढ्यापुरतं सोडलं होतं.

"लई बोलत नव्हत्या," गंगू म्हणाली. "पर एक सारखं इचारायच्या. गंगू, मास्तरीणबाईचं घर सुटलं न्हवं? मी म्हणायची, आक्का, सुटून किती वर्सं झाली. तुमीच खीर केलती की. तवा म्हणायच्या, व्हय? मग बरं. आणि घटकाभरानं परत त्येच."

"आणि स्वतःच्या घराचं?"

गंगू थोडा वेळ आठवत राहिली.

"त्येचं काय इचारलं न्हाय," ती म्हणाली.